कापसाच्या गोष्टीत मोबील बंदरही येऊ द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत १८६० च्या दशकातल्या मुंबईच्या कापूस तेजीवर पानभर लेख आला होता. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद, समुद्र बुजवायला निघालेली बॅकबेची कंपनी, राजाबाई टॉवर सगळं होतं त्यात आणि लेख खरंच चांगला होता, मी कात्रण काढून ठेवलंय. पण त्यात एक वाक्य असं होतं की अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत सोन्याचा धूर निघाला. बस, तिकडची गोष्ट तेवढ्यात संपली. आणि सोबतच्या नकाशात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका बंदराचं नाव 'मोबाईल' असं छापलं होतं. या दोन गोष्टींवर मला लिहायचंय. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती, कारण मी ते शहर पायी फिरलोय आणि तिथून आल्यापासून हे डोक्यातून जात नाहीये.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, आता अकोल्याला असतो. सगळी नोकरी कापसात गेली, सगळा कापूस सरकारच विकत घ्यायचं त्या एकाधिकार खरेदीच्या काळात संकलन केंद्रावर ग्रेडर होतो. बैलगाड्यांच्या रांगा, गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर काढायचा, ओल बघायची, कवडी म्हणजे किडका कापूस किती, पत्ती किती, मग चिमूट घेऊन दोन्ही अंगठ्यांमध्ये ओढत ओढत धाग्याची लांबी बघायची, हेच आयुष्यभर केलं. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त अलाबामा राज्यातल्या या शहरात राहतात म्हणून दोनदा जाणं झालं, दोन्ही वेळा सहा सहा महिने राहिलो. तर पहिली गोष्ट, त्याचा उच्चार मोबील. शेवटच्या 'बील'वर जोर देऊन म्हणतात तिथले लोक. आपल्या खिशातल्या मोबाईलशी त्याचा काही संबंध नाही, तिथल्या मूळ रहिवाशांच्या माबिला या नावावरून ते आलंय. १५४० मध्ये दे सोतो नावाचा स्पॅनिश सरदार सोनं शोधत त्या मुलखात शिरला तेव्हा टस्कलूसा नावाच्या राजाने माबिला गावात त्याच्याशी लढाई केली, गाव जळून खाक झालं, हजारो माणसं मेली असं स्पॅनिश लोकांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे शहराच्या नावातच एक जळालेलं गाव आहे.

शहर म्हणून ते वसवलं फ्रेंचांनी, १७०२ मध्ये. ल म्वान घराण्यातल्या दोन भावांनी, इबरव्हिल आणि बियेन्व्हिल, नदीवर आत जाऊन एक किल्ला बांधला आणि तीच फ्रेंच लुईझियानाची पहिली राजधानी. म्हणजे न्यू ऑर्लिन्स वसायच्या सोळा वर्षं आधीची गोष्ट. पुराने हैराण होऊन १७११ मध्ये सगळं गाव उचलून आत्ताच्या जागी खाली खाडीच्या तोंडाशी आणलं. मार्डी ग्रा हा जो सण आपण न्यू ऑर्लिन्सचा म्हणून ऐकतो तो इथे १७०३ पासून होतो असं मोबीलकर सांगतात आणि त्या बाबतीत ते अजिबात ऐकून घेत नाहीत. मिरवणुकीत रथावरून मार्शमॅलोची गोल बिस्किटं फेकतात लोकांवर, मूनपाय म्हणतात त्याला, माझ्या नातवाने पिशवीभर गोळा केली होती.

मग १७६३ मध्ये इंग्रज आले, १७८० मध्ये स्पेनच्या गाल्वेझने किल्ला घेतला, १८१३ मध्ये अमेरिकन सैन्याने स्पेनकडून घेतला. झेंडे बदलत गेले आणि किल्ल्याचं नाव बदलत गेलं, ते सगळं मी इथे सांगत बसत नाही. खरी गोष्ट त्याच्यापुढे सुरू होते, कापूस आल्यावर.

नकाशा पुढे घेऊन बघा. वरून अलाबामा नदी येते, दुसरीकडून टॉमबिग्बी येते, दोघी मिळून मोबील नदी होते आणि ती खाडीत उतरते. या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात, तो तिथल्या काळ्या मातीवरून. मी त्या मातीत उभा राहिलोय, पाऊस पडला की चपलेला तशीच चिकटते जशी आमच्या वावरातली चिकटते. ती जमीन मूळची क्रीक आणि चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवासी जमातींची. १८१४ च्या एका तहात क्रीक लोकांकडून २ कोटी एकरांहून जास्त जमीन लिहून घेतली, १८३० मध्ये चोक्टॉ लोकांची घेतली आणि त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे हाकललं. मग त्या रिकाम्या केलेल्या काळ्या मातीत कापूस पेरला आणि तो पेरायला, निंदायला, वेचायला गुलाम केलेली माणसं आणली. १८६० च्या जनगणनेत अलाबामाची लोकसंख्या ९ लाख ६४ हजार आणि त्यातले ४ लाख ३५ हजार गुलाम. जवळपास निम्मं राज्य दुसऱ्या निम्म्याच्या मालकीचं, असा तो हिशोब.

आणि हा सगळा माल उतरायचा मोबीलला. नदीकाठी उंच कडे आहेत, तिथे वरून खालपर्यंत लाकडी घसरगुंडी बांधलेली असायची आणि वरून सोडलेली गाठ दणदणत खाली बोटीवर यायची. वाफेच्या बोटींवर गाठींच्या थप्प्या इतक्या उंच की बोट दिसत नसे, जुन्या चित्रांमध्ये नुसता पांढरा डोंगर पाण्यावर चाललेला दिसतो. मोबीलला प्रेस होते, तिथे गाठ परत दाबून लहान करायचे म्हणजे जहाजात जास्त मावतात. खाडी उथळ, मोठी जहाजं शहरापर्यंत येऊच शकत नव्हती, ती खाली खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभी राहायची आणि गाठी छोट्या होड्यांनी तिथवर न्यायच्या. तिथून लिव्हरपूल. आणि या सगळ्याच्या मध्ये बसलेला फॅक्टर. म्हणजे कोण, तर आपला अडत्या! अगदी तोच माणूस. पेरणीच्या आधी उचल द्यायची, बियाणं द्यायचं, कपडालत्ता द्यायचा, माल आला की विकून आपली अडत कापायची, व्याज कापायचं आणि उरलं तर खात्यावर. म्युझियममधली एक जुनी खातेवही बघताना मला वाटलं ही अकोल्याच्या मार्केटातली आहे. फरक एवढाच आणि तो फरक फार मोठा आहे, की तिथे उचलीला तारण म्हणून माणसं लिहिलेली असायची. बैलजोडी लिहावी तशी.

१८५० च्या सुमारास कापूस निर्यातीत देशभरात न्यू ऑर्लिन्सनंतर मोबीलचाच नंबर होता. १८३० मध्ये साडेतीन हजारही वस्ती नसलेलं गाव १८६० मध्ये २९ हजारांवर गेलं. गव्हर्नमेंट स्ट्रीटवरची ती मोठ्या खांबांची घरं, वर ओक झाडांची कमान, सगळं त्याच पैशातलं. झाडं अजून आहेत, इतकी मोठी की दोन्ही बाजूच्या फांद्या रस्त्याच्या मध्यावर एकमेकींत शिरल्यात, उन्हाळ्यात दुपारी त्याच रस्त्याने चालायचं. तेव्हा दर थोड्या वर्षांनी पिवळ्या तापाची साथ यायची, १८१९, १८३९, १८५३, आणि माणसं अशी मरायची की त्यासाठी वेगळी दफनभूमी काढावी लागली, तीही अजून शहराच्या मध्यात आहे. डासांमुळे होतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. बाहेरून गुलाम आणायला अमेरिकेत १८०८ पासून कायद्याने बंदी होती. देशातल्या देशात खरेदी-विक्री मात्र उघड चालू, मोबीलच्या भर बाजारात चालू. तर १८६० मध्ये टिमथी मेहर नावाच्या तिथल्या एका बड्या बोटमालकाने पैज लावली की कायदा असला तरी मी आफ्रिकेतून माणसं आणून दाखवतो. पैज! क्लोटिल्डा नावाचं दोन डोलकाठ्यांचं जहाज, ८६ फूट लांब, मोबीलमध्येच बांधलेलं, लाकूड वगैरे माल वाहायचं. कॅप्टन विल्यम फॉस्टर ते घेऊन डाहोमीला गेला, म्हणजे आजचा बेनिन देश, तिथल्या विदा बंदरातून ११० माणसं विकत घेतली, तरुण मुलं-मुली जास्त, आणि जुलै १८६० मध्ये रात्रीच्या अंधारात मोबीलच्या खाडीतून नदीत वर आणली. माणसं दुसऱ्या बोटीवर चढवून दलदलीत लपवली आणि पुरावा नको म्हणून फॉस्टरने जहाज पेटवून नदीतच बुडवलं. अमेरिकेत गुलाम घेऊन आलेलं हे शेवटचं जहाज असं मानतात. शिक्षा कुणालाच झाली नाही.

आणि याच्यानंतर एका वर्षाच्या आत, एप्रिल १८६१ मध्ये, युद्ध सुरू झालं आणि लिंकनने दक्षिणेच्या सगळ्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेच्या लोकांनीही पहिल्या वर्षी आपणहून कापूस अडवून धरला, त्यांना वाटलं इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या की इंग्रज आपल्या बाजूने येतील. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशापेक्षा जास्त या बंदरांमधून जायचा. तो थांबला. आणि संपादक साहेब, तुमच्या लेखातली मुंबई इथून सुरू होते. मोबीलच्या खाडीत बोटी थांबल्या म्हणून कुलाब्याच्या कापूस बाजारात गाठी ठेवायला जागा उरली नाही, खानदेशातला, वऱ्हाडातला, धारवाडचा कापूस मिळेल त्या भावाने उचलला गेला. इंग्रजी गिरणीवाले आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला शिव्या द्यायचे, धागा तुटतो, कचरा फार म्हणायचे, पण घेत होते कारण दुसरा नव्हताच. त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा ८ कोटी पौंड जादा मिळाले असा हिशोब नेहमी सांगितला जातो. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअरवर शेअर निघाले, १८६४ मध्ये शहराची वस्ती ८ लाखांच्या वर गेली.

न्यू ऑर्लिन्स १८६२ मध्येच पडलं होतं, मोबील मात्र तग धरून होतं, रात्री नाकेबंदी चुकवून बोटी हवानाला जायच्या. ५ ऑगस्ट १८६४ ला उत्तरेचा अॅडमिरल फॅरागट आपला ताफा घेऊन, खाडीच्या तोंडावरच्या दोन किल्ल्यांमधून थेट खाडीत शिरला. तेव्हा पाण्यातल्या सुरुंगांना टॉर्पेडो म्हणायचे, त्यातल्या एकावर टेकमसे ही चिलखती नौका आदळली आणि काही मिनिटांत ९० वर माणसांसकट तळाला गेली. त्या दोन किल्ल्यांपैकी फोर्ट मॉर्गनच्या तटावर उभं राहिलं की पाण्यातली ती जागा समोरच येते, एक बोया तरंगतो तिथे, कारण ती माणसं अजून आतच आहेत. खाडी बंद झाली तरी शहर पुढच्या वर्षी पडलं, १२ एप्रिल १८६५ ला.

त्या तारखेची एक गोष्ट सांगतो. क्लोटिल्डावरून आणलेल्यांपैकी एक कोसोला नावाचा तरुण होता, पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांपैकी, आणलं तेव्हा एकोणीस वर्षांचा असेल. तिथे त्याचं नाव कजो लुईस झालं. तो मेहरच्या घरच्यांच्या बोटीवर काम करत होता. त्याने म्हातारपणी सांगितलेलं लिहून ठेवलंय, की त्या दिवशी बोट काठाला लागलेली होती, उत्तरेचे सैनिक आले, काठावरच्या झाडाची तुती तोडून खायला लागले आणि यांना बघून म्हणाले की तुम्ही आता इथे थांबू नका, तुम्ही मोकळे आहात. मग आम्ही कुठे जायचं असं यांनी विचारलं तर ते म्हणाले वाट्टेल तिथे. मला ती तुती विसरता येत नाही. पाच वर्षांची गुलामी संपली आणि ते सांगणारा माणूस तुती खात होता.

यांना कुठे जायचं होतं तर घरी, आफ्रिकेला. भाड्याला पैसे जमेनात. तेव्हा कजो लुईस बाकीच्यांच्या वतीने मेहरकडे गेला, की तुम्ही आम्हाला आमच्या देशातून आणलं, आम्ही पाच वर्षं फुकट राबलो, आता थोडी जमीन द्या. मेहरने नाही म्हटलं. मग या माणसांनी लाकडाच्या गिरणीत दिवसाला एक डॉलर मजुरीवर काम केलं, बायकांनी भाजी पिकवून टोपल्या डोक्यावर घेऊन शहरात विकली, पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले आणि जमीन विकत घेतली. कजो लुईसने १८७२ मध्ये १०० डॉलर देऊन सुमारे दोन एकर घेतली. तिथे त्यांनी आपलं गाव वसवलं, आपला पंच निवडला, आपली भाषा बोलले, चर्च बांधलं, शाळा काढली. त्या गावाचं नाव आफ्रिकाटाउन, मोबील शहराच्या उत्तरेला, आजही आहे. कजो लुईस १९३५ पर्यंत जगला. त्याची सहा मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली, तो चर्चची घंटा वाजवायचा. जुन्या स्मशानात त्याची उंच पांढरी समाधी आहे. तिथले लोक सांगतात की पहिल्या लोकांच्या कबरींचं तोंड पूर्वेकडे आहे, घराच्या दिशेने.

मुंबईतली तेजी १८६५ मध्ये कोसळली हे तुमच्या लेखात आहेच, १ जुलैला वायदे पुरे करायचे होते आणि कुणाकडे पैसा नव्हता. पण पुढचं त्यात नाही. तेजीत सावकारांनी कुणब्यांना हात सैल सोडून कर्ज दिलं होतं, भाव पडल्यावर तेच कर्ज नरड्याशी आलं. शेतसारा वाढवलेला होता तो वेगळाच. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोक उठले, सावकारांच्या घरात शिरले आणि कर्जखतं आणि वह्या काढून भर रस्त्यात जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. म्हणजे मोबीलच्या खाडीत बोटी अडल्या आणि परत सुटल्या, तर इकडे सुप्याच्या माणसाचं घर आधी उजळलं आणि मग गहाण पडलं. लेख लिहिणाऱ्यांना शेठजी दिसले, टॉवर दिसला. वेचणारा ना इकडचा दिसला ना तिकडचा. ही माझी तक्रार आहे आणि ती मी प्रेमाने करतोय, कारण तुमचा पेपर मी चाळीस वर्षं वाचतो.

वेचणीबद्दल मी जे म्हणतो ते उगाच नाही. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, बायका गाणी म्हणतात, आणि मग त्याच बायका दिवसभर ओट्यात कापूस भरतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी शिरतात, संध्याकाळी आई हात तेलात बुडवून बसायची आणि मला बोटांना हात लावू द्यायची नाही. मोबीलच्या म्युझियममध्ये एका बाईचा फोटो आहे, कापसाच्या सरीत वाकलेली, गळ्यात लांब पोतं. फोटो जुना, चेहरा नीट दिसत नाही, पण बोटं दिसतात. मी तिथून लवकर हललो नाही, मुलीला दोनदा हाक मारावी लागली. आईला वजनावर मजुरी मिळायची, कमी मिळायची पण मिळायची आणि संध्याकाळी ती घरी यायची. त्या बाईचं पोतंही संध्याकाळी वजन व्हायचं, आणि कमी भरलं तर फटके.

मोबीलची पुढची शंभर वर्षं मी थोडक्यात सांगतो. युद्ध संपल्यावर थोड्याच दिवसांत, २५ मे १८६५ ला, जप्त केलेला दारूगोळा ठेवलेल्या गोदामात स्फोट झाला, सुमारे ३०० माणसं मेली, शहराचा उत्तर भाग उडाला, नदीतल्या बोटी बुडाल्या. आपल्या १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची आठवण होते, तिथेही त्या जहाजात दारूगोळ्यासोबत कापसाच्या गाठी होत्या. पुढे कर्जात बुडून शहराचं दिवाळं निघालं, इतकं की १८७९ मध्ये राज्याने त्याची सनदच काढून घेतली, काही वर्षं कागदोपत्री ते शहरच नव्हतं. मग लाकूड आलं, केळी आली, १९२८ मध्ये सरकारी गोदी झाली. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी माणसं इतकी लोटली की झोपायला खाट पाळीने मिळायची. आणि त्याच जहाजाच्या कारखान्यात मे १९४३ मध्ये बारा काळ्या कामगारांना वेल्डरच्या जागी बढती दिली म्हणून गोऱ्या कामगारांनी दंगल केली, लोखंडी सळ्या घेऊन काळ्या कामगारांना मारलं.

बेसबॉलमध्ये ज्याचं नाव आपल्याकडे तेंडुलकरचं घ्यावं तसं घेतात तो हँक आरन याच गावचा, १९३४ चा जन्म. आणि १९८१ मध्ये, म्हणजे मी नोकरीत पक्का झालो त्या सुमाराला, याच शहरात मायकल डोनाल्ड नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी रस्त्यावरून उचलून मारलं आणि झाडाला टांगलं. त्याची आई, ब्यूला मे डोनाल्ड, गप्प बसली नाही. संघटनेवरच दावा लावला आणि १९८७ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तिला ७० लाख डॉलर द्यायचा निकाल दिला. संघटनेकडे तेवढे पैसे कुठले, त्यांची कचेरीची इमारत तिच्या नावावर झाली. ज्या रस्त्यावर तो मुलगा सापडला त्याला आता त्याचं नाव आहे. मी त्या रस्त्यावर गेलो होतो, साधा घरांचा रस्ता आहे, एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती.

आज मोबीलमध्ये विमानं बनतात, नौदलाची जहाजं बनतात, कंटेनर येतात. पाऊस आमच्या अकोल्याच्या दुपटीहून जास्त. आणि आफ्रिकाटाउनच्या बाजूने विसाव्या शतकात कागदाचे कारखाने आले, मोठा हायवे मधून गेला, दुकानं तुटली, वस्ती पांगली, कारखाने बंद झाले आणि धूर खाल्लेली माणसं राहिली. कॅन्सर घरोघर झाला असं तिथले म्हातारे सांगतात, त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या.

जहाज मात्र सापडलं. इतकी वर्षं लोक म्हणायचे ही आफ्रिकाटाउनवाल्यांची दंतकथा आहे, कसलं जहाज आणि कसली पैज. मे २०१९ मध्ये तज्ज्ञांनी जाहीर केलं की नदीच्या गाळात सापडलेला सांगाडा क्लोटिल्डाचाच. २०२३ च्या जुलैमध्ये आफ्रिकाटाउनमध्ये हेरिटेज हाउस म्हणून छोटं म्युझियम उघडलं, तिथे त्या जहाजाच्या लाकडाचे तुकडे पाण्याच्या टाकीत ठेवलेत, कारण हवा लागली की खराब होतील. काळपट लाकूड, त्यात खिळ्याची भोकं. शाळेतली एक मुलगी टाकीच्या काचेला नाक लावून बघत होती आणि तिची आजी तिला सांगत होती की आपला माणूस यात बसून आला. मी बाजूला सरकून त्यांना जागा दिली.

परत येताना जावयाने गाडी खाडीच्या पलीकडे बाल्डविन काउंटीत नेली, तिथे अजून कापूस होतो. ऑक्टोबर होता, बोंडं फुटलेली. आता तिथे माणूस वेचत नाही, मशीन येतं आणि मागून प्लास्टिकात गुंडाळलेला मोठा गोल गठ्ठा टाकून पुढे जातं. मी कडेच्या झाडावरून एक बोंड तोडलं, सरकीपासून रुई सोडवली आणि सवयीने अंगठ्यात ओढली. चांगला धागा, लांब, स्वच्छ. ते बोंड मी खिशात घालून आणणार होतो पण विमानतळावर बियाणं चालत नाही म्हणून मुलीच्या घरी ठेवून आलो.

तर विनंती अशी आहे. एक, पुढच्या अंकात चूक दुरुस्तीच्या चौकटीत 'मोबाईल' ऐवजी 'मोबील' असं छापा, दोन ओळींचं काम आहे. दोन, कापूस तेजीवर पुढे कधी लिहाल, आणि लिहालच कारण तो विषय दर वर्षी कुठे ना कुठे येतो, तेव्हा त्या बंदराचं आणि क्लोटिल्डावरून उतरवलेल्या माणसांचं चार ओळी तरी येऊ द्या, आणि सुप्याचंही येऊ द्या. माझ्याकडे आफ्रिकाटाउनचे, फोर्ट मॉर्गनचे आणि कजो लुईसच्या समाधीचे मी काढलेले फोटो आहेत, हवे असतील तर लगेच पाठवतो, मानधन नको. मे महिन्यात मी परत मोबीलला जातोय. हे पत्र छापून आलं तर तो अंक सोबत नेईन आणि हेरिटेज हाउसमध्ये देईन, मराठी त्यांना वाचता येणार नाही पण मी तिथे बसून वाचून दाखवीन आणि मुलगी त्यांना समजावून सांगेल.

आपला,
एक जुना वाचक
अकोला